तीस सेकंदांचा भडका

डिसेंबरची संध्याकाळ होती. नाशिकजवळ माझ्या मामांचा मळा आहे. तिथे आम्ही सारे जमलो होतो. वांगी, कणसे, रताळी आणि पनीरचे तुकडे भाजून खायचा बेत ठरला होता. त्यासाठी मामांनी गॅसवर चालणारी जाळीची शेगडी आणली होती. तिला इंग्रजीत ‘ग्रिल’ म्हणतात. खाली तीन लांबट बर्नर, वर लोखंडी जाळी आणि त्यावर पेटीसारखे बिजागरीचे झाकण, अशी तिची रचना असते.

त्या दिवशी वारा फार होता. ठिणगी पाडणारे बटण चालेना, म्हणून मामांनी काडेपेटी घेतली. तिन्ही कळा फिरवल्या, पण काडी वाऱ्याने विझली. दुसरी ओढली, तीही विझली. तेव्हा मामांनी झाकण लावून घेतले. शेगडीच्या बाजूला काडी घालण्यासाठी एक लहान भोक होते, त्यातून पेटवावे असा त्यांचा विचार.

“मामा, झाकण उघडं ठेवायचं ना?” सातवीतली माझी भाची म्हणाली.

“अगं, वारा बघतेस ना किती आहे! तुम्ही सगळे मागे सरा पाहू,” असे म्हणून मामांनी तिसरी काडी भोकाशी नेली.

‘भप्प’ असा आवाज झाला. झाकण उडून मागे आपटले आणि माणसाच्या उंचीचा भडका वर आला. क्षणभरच, पण तेवढ्यात मामांच्या भुवया आणि मनगटावरचे केस जळून गेले. मुले मागे सरली होती आणि मामा बाजूला उभे होते, म्हणून एवढ्यावरच निभावले.

हाताला थंड पाणी लावून सारे स्थिरस्थावर झाल्यावर भाचीने एक प्रश्न विचारला, “गॅस तर अर्धा मिनिटच सुटला होता. मग एवढा भडका कसा झाला?”

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न अगदी नेमका होता. त्याचे उत्तर आपण गणित करूनच शोधू या.

सहा ग्रॅमचा हिशोब

अशा शेगडीचा एक बर्नर साधारण ३ किलोवॅटचा असतो, म्हणजे तो दर सेकंदाला ३ किलोज्यूल उष्णता देतो. तीन बर्नर मिळून झाले ९ किलोज्यूल. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा १ ग्रॅम जळला, की सुमारे ४६ किलोज्यूल उष्णता मिळते. तेव्हा दर सेकंदाला ९ भागिले ४६, म्हणजे जवळजवळ ०.२ ग्रॅम गॅस बाहेर येतो. तीस सेकंदांत झाला ६ ग्रॅम, चहाच्या चमच्यात मावेल एवढ्या साखरेच्या वजनाचा!

पण वायू वजनाला हलका असला तरी जागा भरपूर व्यापतो. नेहमीच्या तापमानाला या गॅसच्या एका लिटरचे वजन सुमारे २.१ ग्रॅम भरते. म्हणजे ६ ग्रॅम गॅस झाला साधारण २.८ लिटर. आता शेगडीची पेटी मोजू. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ४५ आणि उंची ३०. गुणाकार करा : ८१,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ८१ लिटर. या ८१ लिटरांत २.८ लिटर गॅस म्हणजे शेकडा साडेतीन.

या ‘साडेतीन’ आकड्यात सारे रहस्य आहे. हवेत स्वयंपाकाच्या गॅसचे प्रमाण शेकडा सुमारे २ पेक्षा कमी असेल तर मिश्रण पेट घेत नाही, कारण गॅस फार विरळ असतो. ते शेकडा सुमारे ९ पेक्षा अधिक असेल तरी पेट घेत नाही, कारण मग ऑक्सिजन अपुरा पडतो. २ आणि ९ यांच्या मधला पट्टा धोक्याचा.

त्यातही सर्वांत जोरदार ज्वलन कुठे होते? जिथे गॅस आणि ऑक्सिजन यांची जोडी बरोबर जुळते तिथे. स्वयंपाकाचा गॅस हे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण असते. प्रोपेनच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी ऑक्सिजनचे ५ भाग लागतात. हवेत ऑक्सिजन शेकडा २१ असतो. म्हणून हवा लागते सुमारे २४ भाग, म्हणजे मिश्रणात प्रोपेन शेकडा ४. हाच हिशोब ब्युटेनसाठी केला तर शेकडा ३.१ येतो. दोहोंच्या मध्ये साडेतीन!

थोडा गॅस फटींतून बाहेर गेला असेल, सगळीकडे मिश्रण सारखे झाले नसेल. तरी आपला हिशोब खरी गोष्ट सांगतो. वाऱ्यापासून काडी वाचवण्याच्या प्रयत्नात मामांनी नकळत भडक्याला हवे तेवढेच मिश्रण पेटीत भरून ठेवले होते. झाकण उघडे असते, तर तोच वारा गॅस वाहून नेत राहिला असता आणि असे मिश्रण साठलेच नसते.

यातून पहिला नियम निघतो : पेटवताना झाकण नेहमी उघडे हवे. दुसरा नियम : आधी काडी, मग गॅस. काडी पेटवून बर्नरजवळ धरावी आणि मगच एका बर्नरची कळ फिरवावी. चार-पाच सेकंदांत बर्नर पेटला नाही, तर कळ बंद करावी, झाकण उघडे ठेवावे आणि पाच मिनिटे थांबावे. हे काम मोठ्या माणसांनीच करायचे. तुमचे काम त्यांना या नियमांची आठवण करून देण्याचे.

जड वायूची गंमत

“उघड्यावर गॅस साठेलच कसा? वर उडून जाईल,” असे पुष्कळांना वाटते. पण हा गॅस वर जात नाही, खाली बसतो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड आहे आणि ब्युटेन दुपटीने. पाण्यासारखा तो उताराकडे सरकतो. खड्ड्यात, चरात, तळघरात साचतो.

हे पाहण्यासाठी एक निर्धोक प्रयोग करता येईल. प्रोपेनचा रेणुभार ४४ आहे, आणि कार्बन-डाय-ऑक्साइडचाही ४४च! म्हणजे दोघांची घनता जवळजवळ सारखी. फरक एवढाच, की कार्बन-डाय-ऑक्साइड पेटत नाही, उलट विझवतो.

एका रुंद, खोल पातेल्यात एक बुटकी आणि एक उंच अशा दोन मेणबत्त्या उभ्या करा आणि घरातील मोठ्या माणसाकडून पेटवून घ्या. एका तांब्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घेऊन त्यावर अर्धी वाटी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ओता. भरपूर फेस येईल. तो बसला की तांब्या अलगद तिरका करून, आतील पाणी न सांडता, केवळ वायू पातेल्याच्या कडेने ‘ओता’. डोळ्यांना काही दिसणार नाही, पण आधी बुटकी मेणबत्ती विझेल आणि वायू पुरेसा असेल तर नंतर उंच. न दिसणारा वायू तळापासून वर भरत जातो, याची खात्री पटेल.

म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा उतारावर ठेवू नये, सपाट आणि कठीण जमिनीवर ठेवावा. शेगडीच्या पोटाखाली न ठेवता, नळी ताणली जाणार नाही इतपत बाजूला ठेवावा. नळी शेगडीच्या तापलेल्या भागाला टेकू देऊ नये. गॅसचा वास आलाच, तर सिलिंडर बंद करून सर्वांनी वारा येतो त्या दिशेला आणि उंचावर जावे. काडी ओढू नये, विजेचे बटण दाबू नये. गळतीची तक्रार देण्यासाठी आपल्या देशात १९०६ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो पाठच करून ठेवा.

वास कुठून आला?

प्रोपेन आणि ब्युटेन यांना स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. आपल्याला येतो तो कुजक्या कोबीसारखा वास त्यात मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त द्रव्याचा, इथाइल मरकॅप्टनचा. ते इतके उग्र असते, की गॅस पेटण्याजोग्या प्रमाणात साठण्याच्या पुष्कळ आधीच नाकाला सूचना मिळते.

या वासामागे एक दुःखद कहाणी आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेत मोठा स्फोट झाला. शाळेत वापरला जाणारा नैसर्गिक वायू इमारतीच्या जमिनीखालच्या पोकळीत गळून साठला होता. त्याला वास नव्हता, म्हणून कुणाला पत्ताच लागला नाही. कार्यशाळेतील एका विद्युत यंत्राच्या ठिणगीने तो पेटला आणि सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक मरण पावले. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळण्याचे कायदे झाले. आज आपल्या नाकाला मिळणारी सूचना म्हणजे त्या मुलांच्या मृत्यूतून जगाने घेतलेला धडा आहे.

उघड्यावर मात्र नाकावर पूर्ण विसंबता येत नाही, कारण वारा वास दुसरीकडे नेतो. तिथे साबणाचे पाणी उपयोगी पडते. रेग्युलेटर बसवल्यावर, शेगडीच्या कळा बंद ठेवून, सिलिंडर सुरू करावा आणि प्रत्येक जोडावर व नळीवर साबणाचे पाणी लावावे. कुठे बुडबुडे फुगू लागले, तर तिथून गॅस सुटतो आहे असे समजावे आणि ती शेगडी पेटवू नये. काडी लावून गळती शोधणे म्हणजे वाघ आहे का हे पाहायला गुहेत डोके घालणे!

सिलिंडर गार का पडतो?

सिलिंडर हलवला की आत पाण्यासारखे काही डुचमळते. आत गॅस द्रवरूपात असतो. प्रोपेनचा उत्कलनबिंदू शून्याखाली ४२ अंश सेल्सिअस आहे, तर ब्युटेनचा शून्याखाली अवघा अर्धा अंश. नेहमीच्या तापमानाला दोघेही वायू व्हायला उतावीळ असतात. केवळ सिलिंडरातील दाबामुळे ते द्रव राहतात. एक लिटर द्रवापासून सुमारे २५० लिटर वायू होतो. म्हणूनच शहरभर पुरेल एवढे इंधन लोखंडी नळकांड्यांतून घरोघर नेता येते. भारतात ‘इंडेन’ गॅस कोलकात्यात १९६५ साली पहिल्यांदा घरात पोचला.

द्रवाचे वायूत रूपांतर होण्यास उष्णता लागते. ती उष्णता द्रव स्वतःतून आणि सिलिंडरच्या पत्र्यातून घेतो. माठातले पाणी गार होते त्याचेही कारण हेच. तिन्ही बर्नर तासभर मोठे ठेवले, तर सुमारे ७०० ग्रॅम गॅस जळतो, म्हणजे ५ किलोचा सिलिंडर सात तास पुरतो. या वेळात सिलिंडर बाहेरून गार लागतो, कधी त्यावर दवही जमते. थंडीच्या पहाटे आतील दाब कमी होऊन ज्योत मंद झाली, तर काही जण सिलिंडरखाली निखारे ठेवण्याचा विचार करतात. असे चुकूनही करू नये! आतील दाब किती वाढेल यावर मग आपला ताबा राहत नाही. बर्फाळ देशांत हिवाळ्यात ब्युटेनऐवजी प्रोपेन वापरतात तो याच कारणाने.

सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा. आडवा ठेवला, तर रेग्युलेटरकडे वायूऐवजी द्रव जातो आणि मग बर्नरमधून कितीतरी अधिक गॅस येऊ पाहतो. सिलिंडरात किती गॅस उरला आहे हे पाहायला तो हलवून पाहण्याची गरज नाही. त्यावर रिकाम्या सिलिंडरचे वजन लिहिलेले असते. वजन करावे आणि वजाबाकी करावी.

सिलिंडरच्या कडीच्या पट्टीवर आणखी एक खूण असते : ए, बी, सी किंवा डी यांपैकी एक इंग्रजी अक्षर आणि पुढे वर्ष. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर आणि डी डिसेंबरअखेर. त्या तारखेपर्यंत सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हायला हवी. तारीख उलटली असेल तर तो सिलिंडर घेऊ नये.

निळी ज्योत, पिवळी ज्योत

१८५५ च्या सुमारास जर्मनीतील हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन यांनी, देसागा या कुशल कारागिराच्या मदतीने, आपला प्रसिद्ध बर्नर तयार केला. गॅस जळण्यापूर्वीच त्यात हवा मिसळून द्यायची, ही त्यातील युक्ती. आपल्या स्वयंपाकघरातील शेगडीत आणि या ग्रिलमध्येही तेच तत्त्व वापरलेले आहे. बारीक छिद्रातून वेगाने येणारा गॅस नळीच्या तोंडाशी आजूबाजूची हवा आपल्याबरोबर आत ओढून नेतो.

हवा पुरेशी मिळाली तर ज्योत निळी आणि आवाजाला स्थिर असते. हवा कमी पडली तर कार्बनचे कण न जळता तापून चमकतात. ज्योत पिवळी दिसते आणि भांड्याला काजळी धरते. अपुऱ्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून पाऊस आला तरी ही शेगडी तंबूत किंवा बंद पडवीत कधीही नेऊ नये.

अनेक महिने पडून राहिलेल्या शेगडीत एक वेगळाच पाहुणा सापडतो, तो म्हणजे कोळी! हवा मिसळणाऱ्या नळीत त्याने जाळे विणले, तर गॅसची वाट अडते आणि ज्योत बर्नरऐवजी मागे, कळांजवळ पेटू शकते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला नळ्या मऊ ब्रशने साफ कराव्यात.

भाजण्याचे शास्त्र

सुरक्षितपणे पेटली, आता चांगले भाजायचे कसे? आता मात्र झाकण कामाला येते. अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थांना वाऱ्याने आणि राखेने बेजार केले होते. समुद्रात तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपांचे धातूचे गोल अर्ध ते ज्या कारखान्यात बनवत, तसल्याच एका अर्धगोलाची शेगडी आणि दुसऱ्याचे झाकण त्यांनी १९५२ साली केले. ती कोळशाची होती, पण झाकणाची कल्पना गॅसच्या शेगडीलाही उपयोगी पडली. नीट पेटल्यावर झाकण लावले, की आत गरम हवा कोंडली जाते आणि शेगडीची भट्टी होते. जाळी चांगली तापायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. पुढे मात्र आच कमी करता येते आणि गॅस वाचतो.

पदार्थाला तीन वाटांनी उष्णता मिळते : तापलेल्या जाळीतून वहनाने, गरम हवेतून अभिसरणाने आणि तापलेल्या पत्र्यांपासून प्रारणाने. पण पदार्थ ओला असेल तोवर त्याचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही. सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी आटले की तापमान चढते आणि साधारण १४० अंशांच्या पुढे खमंग तांबूस रंग झपाट्याने येतो. प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातील ही अभिक्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कॅमिय मेयार यांनी १९१२ साली वर्णन केली. पनीर किंवा मासा जाळीवर ठेवण्यापूर्वी कोरड्या फडक्याने टिपावा तो यासाठीच.

भरिताच्या वांग्याला आजी सुरीने टोचे मारते, त्यातही विज्ञान आहे. आतल्या पाण्याची वाफ झाली आणि तिला वाट मिळाली नाही, तर वांगे फुटते. कणीस मात्र सालासकट ठेवले तर स्वतःच्याच वाफेत शिजते. शेवटी साल काढून आचेवर फिरवले की खमंग होते. एक बर्नर मोठा आणि एक बंद ठेवावा. मोठ्यावर रंग आणावा आणि बंद बर्नरच्या बाजूला झाकणाखाली रताळी, बटाटे सावकाश शिजू द्यावेत. कोंबडी भाजायची असेल, तर वरचा रंग पाहून फसू नये. आतील जाड भागाचे तापमान ७४ अंश झाले पाहिजे.

तेल किंवा चरबी बर्नरवर ठिबकून ज्वाला उठली, तर पदार्थ बाजूला घ्यावा आणि बर्नर बंद करावा. पाणी ओतू नये. पाणी तेलाहून जड असते, म्हणून ते जळत्या तेलाखाली जाते. क्षणात वाफ होऊन सुमारे १,७०० पट फुगते आणि जळते तेल चोहोकडे उडवते. शिजवून झाले, की आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत विझली, की सगळ्या कळाही आठवणीने बंद कराव्यात.

पुन्हा मळ्यावर

मामांच्या भुवया महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा उगवल्या. पुढच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा तिथेच जमलो. वारा तसाच होता. पण शेगडी या वेळी भिंतीच्या आडोशाला, तरी तिन्ही बाजूंनी मोकळी अशी ठेवली होती. भाचीच्या हातात साबणाच्या पाण्याची वाटी आणि ब्रश होता. तिने एकेक जोड तपासला आणि म्हणाली, “मामा, बुडबुडे नाहीत. झाकण?”

“उघडं आहे, बाईसाहेब!” मामा म्हणाले. लांब दांड्याचा लायटर आधी पेटवला, मग एक कळ फिरवली. निळी ज्योत अलगद पसरत गेली. भरीत त्या दिवशी फार सुरेख झाले होते.